मुक्तीचे मोल

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी येलदरी हे गाव आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावलेली पूर्णा येथे टेकड्यांमधून वाट काढीत येते. या ठिकाणी नदीस बांध घालून १९६८ साली एक मोठे धरण पुरे करण्यात आले. त्याची उंची सुमारे ५१ मीटर असून पायथ्याशी वीजघर आहे. येथून सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वरच्या जलाशयात जाते आणि तेथून कालव्यांनी वसमत, परभणी, नांदेड या बाजूंच्या शेतांना मिळते. जलाशयाचे संथ पाणी पाहत उभे राहिले असता, हा एके काळी भयाने ग्रासलेला मुलूख होता, हे सांगूनही कोणास खरे वाटणार नाही. परंतु धरण पुरे होण्यापूर्वी वीसच वर्षे, १९४८ साली, या भागातील पुष्कळ कुटुंबे रात्री घराला कुलूप लावून, मुलांना कडेवर घेऊन उत्तरेकडील वऱ्हाडच्या हद्दीकडे चालू लागली होती.

वऱ्हाडात इंग्रजी राज्य संपून स्वतंत्र भारताचे राज्य सुरू झाले होते. येलदरी, जिंतूर, परभणी हा सारा प्रदेश मात्र तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता. हे संस्थान भारतातील सर्वांत मोठ्या संस्थानांपैकी एक होते. त्यात १६ जिल्हे होते व लोकसंख्या दीड कोटीहून अधिक होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी भाषेचे. बाकीचे तेलुगू व कानडी भाषांचे. कचेऱ्यांचा कारभार आणि वरच्या वर्गांतील शिक्षण उर्दूतून चाले. साधी सभा भरवावयाची तरी सरकारची परवानगी लागे. राजा मुसलमान आणि बहुसंख्य प्रजा हिंदू होती, म्हणून पुढे झालेला लढा दोन धर्मांचा होता, अशी समजूत पुष्कळांची असते. ती बरोबर नाही. राज्यकारभार प्रजेच्या प्रतिनिधींच्या हाती असावा, एवढीच मूळ मागणी होती.

ही मागणी करणाऱ्यांत एक शाळामास्तर अग्रभागी होते. त्यांचे नाव व्यंकटेश खेडगीकर. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी त्यांचा जन्म झाला. हिप्परगे येथील राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईस त्यांनी अध्यापन केले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेतलेला मनुष्य अरण्यात जातो. स्वामीजी लोकांत आले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना व्हावयाची होती, तोच सरकारने तिच्यावर बंदी घातली. संस्था जन्मास येण्यापूर्वीच तिला बंदी! तेव्हा त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात सत्याग्रहास आरंभ झाला.

सत्याग्रहाची रीत युद्धाच्या अगदी उलट असते. युद्धात आपला बेत शत्रूपासून लपवून ठेवावा लागतो. सत्याग्रही तो आधीच जाहीर करतो. कोण येणार, कोठे येणार, काय करणार, हे उघड असते. सत्याग्रहींच्या तुकड्या ठरलेल्या दिवशी रस्त्यावर येत, घोषणा देत आणि पोलिसांच्या स्वाधीन होत. स्वामीजींना दीड वर्षाची शिक्षा झाली. विद्यार्थ्यांनी वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, तेव्हा विद्यापीठाने त्यांना काढून टाकले आणि त्यांपैकी अनेकांना शिक्षणासाठी दूर नागपूरला जावे लागले. या साऱ्या प्रकरणात सत्याग्रहींनी कोणाचे घर जाळले नाही की कोणावर हात टाकला नाही. डिसेंबर महिन्यात महात्मा गांधींनी सल्ला दिला आणि लढा ऐन भरात असताना स्टेट काँग्रेसने तो थांबवला. लढा सुरू करण्यास धैर्य लागते हे खरे. पण भरात आलेला लढा थांबवण्यास त्याहून अधिक लागते, आणि ते इतिहासात कमी वेळा आढळते.

पुढे १९४७ साल उजाडले. १५ ऑगस्टला देशभर तिरंगा फडकला. निजामाच्या राज्यात मात्र तो फडकवणे हा अपराध होता. निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले होते. स्वामीजींनी हैदराबाद शहरात झेंडा उभारला आणि ते पकडले गेले. मधल्या काही आठवड्यांचा अपवाद वगळता त्यानंतरचे सारे वर्ष त्यांनी तुरुंगातच काढले. गावोगावी लोकांनी सरकारच्या उत्पन्नावर घाव घालण्यासाठी शिंदीची झाडे तोडली, जंगलचा कायदा मोडला, सारा व लेव्ही देण्याचे नाकारले. सरहद्दीवरील करोडगिरीचे नाके मोडण्यात आले.

याच सुमारास रझाकार हे नाव घराघरांत भीतीने उच्चारले जाऊ लागले. लातूरचे एक वकील कासिम रझवी हे त्यांचे पुढारी. रझाकार म्हणजे स्वयंसेवक. परंतु या स्वयंसेवकांच्या हाती तलवारी व बंदुका होत्या आणि त्यांना अडवणारे सरकार नव्हते. त्यांच्या टोळ्या गावांवर चालून जात. घरे लुटली व जाळली गेली, माणसे मारली गेली, स्त्रियांची विटंबना झाली. पेरलेले शेत, दावणीचे बैल आणि चार पिढ्यांचा वाडा टाकून शेतकरी वऱ्हाडात, सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत आश्रयास गेले. उभ्या पिकाची काळजी वाहणाऱ्या कुणब्याने पीक सोडून जावे, यावरूनच तो काळ कसा होता हे समजावे.

अशा वेळी सरहद्दीवर तरुणांची शिबिरे उभी राहिली. उमरखेड, मनमाड, सोलापूर अशा ठिकाणांहून ते संस्थानात शिरत, नाक्यांवर व ठाण्यांवर हल्ले करीत आणि परत जात. ज्यांनी १९३८ साली हात जोडून अटक करून घेतली होती, त्यांपैकीही काहींनी आता बंदूक हाती घेतली. त्यांना दोष देणे सोपे नाही. समोरचा मनुष्य निःशस्त्र स्त्रीपुरुषांवर तलवार चालवीत असता स्वस्थ बसणे ही अहिंसा नव्हे, असे गांधीजीही सांगत आले होते. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात कामास आले. त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था वसमतला आहे. सिद्धेश्वरच्या कालव्याचे पाणी आज त्याच तालुक्यात खेळते. असे किती तरी तरुण गेले. त्यांची नावे गावोगावच्या हुतात्मा स्मारकांवर कोरलेली आहेत.

तरीही एक दिवस लक्षात ठेवण्याजोगा आहे. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर सीमेवरच्या लढवय्यांनी छापा घातला आणि लढ्याच्या खर्चासाठी मोठी रक्कम नेली. ही घटना ३० जानेवारी १९४८ ची. त्याच दिवशी सायंकाळी दिल्लीत प्रार्थनेस जात असता गांधीजींचा खून झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. पण बंदूक हाती घेतलेल्या ज्या तरुणांनी लहानपणापासून गांधीजींचे नाव घेतले होते, त्यांना ती वार्ता कळली असेल तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल?

शस्त्र न धरता मरण पत्करणारेही त्या काळी होते. हैदराबादेत शोएबउल्ला खान नावाचे एक तरुण संपादक ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवीत. त्यांचे वय तीस वर्षांचेही नव्हते. ते मुसलमान होते, आणि हैदराबादने भारतात सामील व्हावे, रझाकारांना आवर घालावा, असे ते आपल्या पत्रात निर्भयपणे लिहीत. त्यांना धमक्या आल्या. लेखणी थांबली नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये एका रात्री कचेरीतून घरी परतत असता मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या व त्यांचा हात तोडला. लिहिणारा हात तोडला म्हणजे लिहिलेले नाहीसे होते, असे त्या मारेकऱ्यांना वाटले असावे. हा लढा दोन धर्मांचा होता असे ज्यांना वाटते, त्यांनी शोएबउल्ला खान यांचे नाव विसरता कामा नये.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताचे सैन्य संस्थानात शिरले. एक मुख्य फळी सोलापूरकडून निघाली, दुसरी पूर्वेस बेझवाड्याकडून. पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती दिली. या मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ असे नाव मिळाले. मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो; येलदरीपासून उस्मानाबादपर्यंत, म्हणजे आजच्या धाराशिवपर्यंत, त्या दिवशी सकाळी झेंडावंदन होते. वऱ्हाडात गेलेले शेतकरी परतले. स्वामीजी तुरुंगातून सुटले. पुष्कळ पुस्तकांत ही कथा येथेच संपते.

ती येथे संपत नाही. राज्य कोसळले होते आणि नवे राज्य अजून गावोगावी पोहोचले नव्हते. अशा मधल्या दिवसांत सूडाची लाट उठली. रझाकारांनी जे केले होते, त्याची भरपाई त्यांच्या धर्माच्या कोणत्याही माणसाकडून करून घ्यावी, असे पुष्कळांना वाटू लागले. ज्यांनी तलवारी चालवल्या होते ते बहुतेक पळाले किंवा पकडले गेले. कासिम रझवींवर खटला होऊन त्यांना कारावास झाला. १९५७ साली सुटल्यावर ते पाकिस्तानात निघून गेले. गावात मागे राहिले ते शेतमजूर, छोटे दुकानदार, विणकर, त्यांच्या बायका आणि त्यांची मुले. घाव त्यांच्यावर पडला.

या बातम्या दिल्लीस पोहोचल्या, तेव्हा भारत सरकारने पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांना हैदराबादेस पाठवले. नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत ते संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. शहरे पाहिली, खेडी पाहिली आणि जेथे जाता आले नाही अशा शंभराहून अधिक गावांतील माणसांना भेटून त्यांच्या जबान्या ऐकल्या. रझाकारांचे अत्याचार त्यांनी नाकारले नाहीत. परंतु त्यानंतरच्या सूडाने, त्यांच्या अंदाजाप्रमाणे, २७ हजार ते ४० हजार माणसे प्राणास मुकली होती. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानी झाली. ज्यांनी रक्षण करावयाचे, त्या सैनिकांतील व पोलिसांतील काहीजणही काही ठिकाणी लुटीत सामील झाल्याचे त्यांनी नमूद केले, आणि जेथे सैन्याने चांगले वर्तन केले, त्याचीही नोंद केली. हा अहवाल अनेक वर्षे लोकांसमोर आला नाही.

संख्या वाचून मन बधिर होते. चाळीस हजार म्हणजे किती, हे कळत नाही. एका शाळेत पाचशे मुले असतील, तर अशा ऐंशी शाळा रिकाम्या झाल्या असे समजावे. हुतात्म्यांची नावे दगडावर कोरली गेली, हे योग्यच झाले. या माणसांची नावे मात्र कोठे कोरलेली नाहीत. त्यांपैकी बहुतेकांनी राजकारणाचा एक शब्दही उच्चारला नसेल.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. काही हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, असे समितीस आढळले. ज्यांचा धंदा एक, त्यांच्यात ही आपुलकी अधिक होती. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूने उभे राहिले. चालून आलेला जमाव त्यांच्याच धर्माचा होता. तरीही ते बाजूस सरले नाहीत, आणि काही ठिकाणी त्यांना स्वतःचे प्राण द्यावे लागले. पळवून नेलेल्या मुसलमान स्त्रियांना शोधून घरी पोहोचवण्याच्या कामीही पुष्कळ हिंदूंनी साहाय्य केले.

हे विणकर कोण होते? समितीने त्यांची नावे दिलेली नाहीत. ते पंडित नव्हते. अहिंसेवरील व्याख्याने त्यांनी ऐकली असतील किंवा नसतील. पण शेजारच्या मागावर बसणारा मनुष्य ओळखीचा होता. त्याचा हात कसा चालतो, त्याची मुले किती, त्याचे सूत कोणत्या सावकाराकडे अडकले आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्या माणसाला ‘शत्रू’ हे नाव देणे त्यांना जमले नाही. जमावातील माणसाला मात्र ते सहज जमते, कारण जमाव माणसे पाहत नाही. तो फक्त नाव, टोपी आणि दाढी पाहतो.

पूर्णेचे पाणी गोदावरीस मिळते आणि गोदावरी नांदेडवरून पुढे तेलंगणात जाते. तो प्रदेशही निजामाच्याच राज्यातला. तेथे आग वेगळ्या कारणाने लागली होती. हजारो एकर जमीन थोड्या देशमुखांच्या हाती होती आणि राबणाऱ्यांना वेठीखेरीज काही मिळत नव्हते. १९४६ पासून तेथील शेतकऱ्यांनी, कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली, शस्त्र हाती घेतले. निजामाचे राज्य गेल्यावरही तो झगडा चालूच राहिला. दिवसा पोलीस व सैनिक येत, रात्री बंडखोर येत, दोघांच्यामध्ये गावकरी. त्यांची तक्रार खरी होती, हे विसरता येणार नाही. जेथे भुकेचा प्रश्न आहे तेथे नुसता शांततेचा उपदेश करणे म्हणजे पोट भरलेल्याने उपाशी माणसास संयम शिकवणे होय.

१९५१ च्या मार्च महिन्यात एक कृश अंगाचा मराठी माणूस वर्ध्याजवळच्या पवनारहून पायी निघाला. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी जन्मलेले हे विनोबा भावे. हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन होते. तेथे ते गाडीने नव्हे तर चालत गेले. संमेलन आटोपल्यावर परत न फिरता ते तेलंगणाच्या अशांत भागाकडे वळले. निघण्यापूर्वी त्यांनी तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांची भेट घेतली. सोबत पोलीस घेतले नाहीत.

१८ एप्रिल १९५१ रोजी ते नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली या गावी पोहोचले. ते हरिजनवस्तीत गेले आणि तेथील सुमारे ४० भूमिहीन कुटुंबांना त्यांनी, काय हवे, असे विचारले. त्यांनी जमीन मागितली. किती? ८० एकर. सरकारकडे अर्ज करावा असे विनोबांच्या मनात होते. पण त्यांनी तेथे जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारले, सरकारकडून मिळण्यास वेळ लागेल, आपल्यापैकी कोणी काही करू शकेल काय? तेव्हा रामचंद्र रेड्डी नावाचे एक जमीनदार उठले आणि त्यांनी आपली १०० एकर जमीन देण्याचे जाहीर केले. भूदानाचा आरंभ असा झाला. पुढील दिवसांत विनोबा रोज एका गावी जात आणि जमीन मागत. ५१ दिवसांत तेलंगणात सुमारे १२ हजार एकर जमीन मिळाली.

याने तेलंगणाचा सारा प्रश्न सुटला असे म्हणणे खरे होणार नाही. सशस्त्र लढा त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये मागे घेतला गेला, त्याला सैन्याचा दाब, कुळकायदा आणि पक्षातील मतभेद अशी इतरही कारणे होती. पुढे देशभर जी लक्षावधी एकर जमीन दानात मिळाली, तीतील बरीच खडकाळ निघाली. काही दाने कागदावरच राहिली आणि काही भूमिहीनांपर्यंत कधी पोहोचलीच नाहीत. देणारा हात पुढे झाला म्हणजे सर्व झाले, असे नसते. त्यानंतर मोजणी, वाटप, बैल आणि बियाणे हे सारे लागते, आणि तेथे चळवळ कमी पडली. तरी ज्या मुलखात जमीन रक्त सांडून घेतली जात होती व रक्त सांडून राखली जात होती, तेथे ती मागून मिळाली आणि कोणाच्या घरी रडारड झाली नाही, एवढे निश्चित.

पोचमपल्ली हे गावही विणकरांचेच आहे. सूत आधी रंगवून मग नक्षी विणण्याची तेथील रीत प्रसिद्ध आहे आणि आज ते गाव भूदान पोचमपल्ली या नावाने ओळखले जाते. त्या एप्रिलच्या दिवसाची कथा सांगताना रामचंद्र रेड्डींचे औदार्य नेहमी सांगितले जाते, आणि ते सांगण्यासारखे आहेच. त्याच सभेतील दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. १०० एकर मिळत आहेत असे ऐकल्यावर ज्यांच्याजवळ तोवर तसूभर जमीन नव्हती, ते हरिजन बांधव विनोबांसमोर म्हणाले की आम्हांला ८० एकर पुरेत. त्याहून अधिक आम्ही घेणार नाही.